सोळा कॅसेटींची सफाई

आमच्या प्रयोगशाळेच्या टेलिफोन एक्सचेंजवर जे ऑपरेटर होते त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्या तीन मजली इमारतीत कोणाचं काय चाललंय हे सगळ्यात नीट त्यांनाच दिसायचं. मी खोलीतून फोन उचलला की माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत पलीकडून येणार, "डॉक्टर साब, सर्दी पक्की है आज. घर जाइए." संचालकांशी बोलायचं असेल तर आधी ते हवामान सांगत. "अभी नहीं मिलाता जी. दस मिनट रुकिए, आवाज़ में मिर्ची है." त्यांच्या या अंदाजावर अर्ध्या प्रयोगशाळेच्या रजा मंजूर झाल्या. माझ्या तर सगळ्याच.

सगळे त्यांना ऑपरेटरजी म्हणत. वय पस्तिशीच्या आसपास. चंदीगडच्या कडेला, मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारात आईबरोबर राहायचे आणि बसने यायचे. मी स्कूटरवर निघूनही कार्यालयात त्यांच्यानंतर पोचायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि चंदीगडात रोज काहीतरी नवीन येत होतं. आमच्याकडे नवं एक्सचेंज येणार असं ठरलं. त्यात माणूस लागणार नव्हता. एक बाई गोड आवाजात हवा तो क्रमांक दाबायला सांगणार आणि फोन आपोआप जोडला जाणार. ऑपरेटरजींची नोकरी सरकारी, ती जाणार नव्हती. जाणार होतं ते काम. एकदा ते मला म्हणाले, "तनख्वाह तो मिलती रहेगी जी. पर सारा दिन बैठकर करूँगा क्या?"

म्हणून ते खासगीरीत्या राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. दोन वर्षं मिळून पंचावन्न टक्के पडले की कॉलेजात शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. पहिलं वर्ष झालं होतं. दुसरं यंदा. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती, तेव्हा जे काय व्हायचं ते याच एप्रिलात.

यात माझी बायको कशी आली? रोज दुपारी साडेबाराला ती मला फोन करायची, डबा खाल्ला का विचारायला. मी जागेवर सापडायचो नाही, त्यामुळे गप्पा ऑपरेटरजींशीच व्हायच्या. एक दिवस त्यांनी भीत भीत विचारलं, "भाभी जी, आपकी आवाज़ में ठहराव है. मेरी किताबें पढ़ देंगी?" म्हणजे पुस्तकं वाचून टेप करायची, ते ऐकून अभ्यास करणार. बायको कोल्हापूरची. तिने विचार करायला एक सेकंदही घेतला नाही. "वाचीन की. त्यात काय!"

तिची हिंदी दहा वर्षं पंजाबी शेजारणींच्या हाताखाली तयार झालेली होती, पण 'ज्ञान' म्हटलं की त्यातला कोल्हापूरचा 'द्न्य' काही केल्या जात नव्हता. ऑपरेटरजींनी तो तसाच उचलला. पुढे आयुष्यभर ते 'राजनीति विद्न्यान' म्हणत राहिले, आणि लोकांना वाटे की हे जुन्या पंडितांकडे शिकलेले असावेत.

नोव्हेंबर ते जानेवारी, रोज दुपारी, आमच्या सरकारी क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलावर, गुडघ्यांवर शाल घेऊन तिने सोळा कॅसेटी भरल्या. भरल्या की त्या गजकच्या, म्हणजे तिकडच्या तिळाच्या वडीच्या, रिकाम्या डब्यात घालून माझ्या हाती द्यायची आणि मी त्या एक्सचेंजच्या खोलीत पोचत्या करायचो. या सगळ्या कार्यात माझा वाटा एवढाच. हमालाचा.

आणि तेच मला लागलं.

कारण सांगायला हवं. माझा पेशाच आवाज साफ करायचा. म्हणजे गाण्याचा नव्हे, यंत्रांचा. इस्पितळात हृदयाचा आलेख काढणारी जी यंत्रं असतात, त्यांच्या तारांमध्ये घरातल्या विजेची एक घूं अशी गुणगुण शिरते आणि आलेख बिघडवते. ती गुणगुण हुडकायची आणि मारायची, यावर माझा पगार चालायचा. ही घूं म्हणजे माझी पिढीजात वैरीण. लग्नाच्या वरातीतसुद्धा लाउडस्पीकरची घूं ऐकून मी घोड्यावरून उतरून अर्थिंग बघायला गेलो होतो, असं बायको सांगते. मी घोड्यावर नव्हतो, गाडीत होतो. बाकीचं खरं आहे.

तर फेब्रुवारीत एका रविवारी मी सहज एक कॅसेट लावून पाहिली. बायको केंद्र आणि राज्यांचे संबंध वाचत होती. मागे कुकरची शिट्टी. मग गल्लीतून "गोभी, मूली, ताज़ी मेथी!" मध्येच ती वाचता वाचता थांबून म्हणाली, "भाईसाहब, यह मुझे भी समझा नहीं, फिर से पढ़ती हूँ." आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दर काही मिनिटांनी, दोन दोन सेकंद, घूं. माझ्याच घरात. माझ्याच बायकोच्या आवाजात.

मी निदान केलं: टेपरेकॉर्डरचं अर्थिंग खराब. बायकोला विचारावं असं मनातही आलं नाही. वैद्य कधी रोग्याला विचारतो का, तुला काय झालंय म्हणून? तर विचारतो. पण ते मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरजींना म्हटलं, "सगळ्या कॅसेटी आठवड्यासाठी द्या. कॉम्प्युटरवर घालून स्टुडिओसारख्या करून देतो."

त्यांनी गजकच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "साब जी, ऐसे ही ठीक हैं."

"अहो, बघा तर! ऐकून सांगाल मग."

त्यांनी डबा पुढे केला. मी पहिल्या वर्गाचा अधिकारी आणि ते तिसऱ्या वर्गाचे कर्मचारी, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही, हे कळायला मला दीड महिना लागला. त्या वेळी मला वाटलं, आनंदाने त्यांचा शब्द फुटत नाहीये.

घरी जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. आता प्रश्न होता सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं. कोणी दुसरा असता तर एक घेऊन कामाला लागला असता. मी तक्ता केला. आडव्या ओळीत सॉफ्टवेअर, उभे तेवीस रकाने. सेक्टर बावीसमध्ये एक दुकानदार होता, तो सीडीचं पाकीट पंख्यासारखं उघडून म्हणायचा, "सर जी, एक सीडी में चार. चारों असली के बराबर." एक सॉफ्टवेअर मी इंटरनेटवरून उतरवलं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि कोणाचा फोन आला की उतरलेलं सगळं वाहून जायचं. तीन वेळा ते संपत आलं असताना कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन आला. मी त्या आठवड्यात सासूबाईंशी ज्या आवाजात बोललो तो बायकोने अजून विसरलेला नाही. शेवटचं एक सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलं होतं. करडी खिडकी, चार बटणं, बस. त्याच्यापुढे मी तक्त्यात लिहिलं, 'दरिद्री दिसतं', आणि ते बाजूला टाकलं.

प्रत्येकाची परीक्षा घ्यायला आवाज हवा, म्हणून मी माझाच भरला. "हॅलो, एक, दोन, तीन." मग त्याला घुमारा दिला, जाड केला, बारीक केला. एका सॉफ्टवेअरात माझा आवाज असा काही भारदस्त झाला की मी तो पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. बायको स्वयंपाकघरातून आली.

"हे कोण विहिरीत पडलंय?"

"मी आहे."

"मग बाहेर या. जेवायला वाढलंय."

अखेरीस मी जे निवडलं ते बघण्यासारखं होतं. काळाभोर पडदा, त्यावर हिरव्या-तांबड्या पट्ट्या नाचतायत, गोल गोल काटे फिरतायत, विमान चालवतोय असंच वाटावं. परदेशातल्या मोठ्या स्टुडिओत हेच वापरतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं, आणि तो कधी शेजारच्या झिरकपूरच्या पुढे गेला असेल असं वाटत नसूनही मी विश्वास ठेवला. निवडण्यात चार आठवडे गेले. ते चालवायला शिकण्यात आणि सफाईत आणखी दोन.

पण सफाई काय केली! त्यात 'हम', म्हणजे हीच घूं, काढून टाकायचं एक खास हत्यार होतं. मी ते सोळाच्या सोळा कॅसेटींवरून फिरवलं, घूं मुळासकट गेली. कुकर कापला. भाजीवाला कापला. "मुझे भी समझा नहीं" कापलं, कारण ते पुस्तकात नव्हतं. वाक्यांमधल्या मोकळ्या जागा काढल्या. प्रकरणं एकमेकांना चिकटवली. डिस्कवर जागा कमी पडत होती, म्हणून साफ केलेलं मूळच्याच जागी साठवलं. आणि नव्या कॅसेटी कशाला हव्यात, म्हणून तो सगळा ऐवज त्याच सोळा कॅसेटींवर परत भरला. बायको एकदा म्हणाली, "काय चाललंय ते तरी सांगा." मी म्हटलं, "सरप्राइज आहे." तेवढं मात्र खरं ठरलं.

मार्चच्या शेवटी मी गजकचा डबा ऑपरेटरजींच्या हातात दिला. परीक्षेला तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास माझ्या खोलीतला फोन वाजला.

"साब जी, भाभी जी की आवाज़ बहुत साफ़ है."

"अरे, थँक्यू!"

"बहुत ही साफ़ है जी."

"मैंने कहा था ना?"

एक्सचेंजवर दुसरी घंटी वाजत होती. ते ती उचलत नव्हते. ते घंटी उचलत नाहीत असं मी कधी ऐकलं नव्हतं.

"साब जी," ते हळूच म्हणाले, "वो घूं कहाँ गई?"

मी खाली गेलो. त्यांच्या टेबलावर त्यांचा जुना टेपरेकॉर्डर होता. ते म्हणाले, त्यांच्या शाळेत पुस्तकं अशीच भरत. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक खालच्या पट्टीची घूं. नुसतं ऐकताना ती कानाला त्रास देत नाही. पण चालू टेप वेगाने पुढे पळवला की सगळं बोलणं चिवचिव होतं आणि तीच घूं 'टीं' अशी स्वच्छ वाजते. टीं, टीं, टीं मोजत जायचं. सातव्या टींला सातवा धडा. डोळस माणूस पानं उलटतो तसे ते टीं उलटत. शाळेत त्यासाठी यंत्र होतं. घरी यंत्र कुठलं, म्हणून त्यांनी बायकोला एक जास्तीची पिन दिली होती, शेवटी उघडी तार असलेली. माइक काढायचा, ती पिन खोचायची, तारेला दोन सेकंद बोट लावायचं, पुन्हा माइक. ती घाबरली तेव्हा ते म्हणाले होते, "करंट नहीं लगता, भाभी जी. घर की सारी बिजली हमारे बदन में वैसे भी गुनगुनाती रहती है. बस टेप को सुना देनी है."

थोडक्यात, या माणसाने माझ्या वैरिणीला चाकरीला ठेवलं होतं. पंचवीस वर्षं मी जिला मारत आलो तिच्याकडून हा पानं उलटून घेत होता, आणि मला ते साधं ओळखता आलं नाही.

"आणि भाजीवाला?" मी विचारलं. आता विचारायची सवय लागायला लागली होती.

"वो तो जी राज्यपाल था." म्हणजे, भाजीवाला ओरडला की तिथे राज्यपालांचे अधिकार सुरू. कुकरची तिसरी शिट्टी म्हणजे संसदेचं कामकाज. जिथे भाभी जींना समजलं नव्हतं, तिथे प्रश्न हमखास येतो, हे त्यांनी गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांशी ताडून पाहिलं होतं. हिवाळाभर एकदा सगळं ऐकून त्यांनी डोक्यात नकाशा तयार केला होता. उजळणी त्या नकाशावरून करायची होती. मी दीड महिना लावून त्यातले सगळे रस्ते पुसले आणि कागद तेवढा पांढराशुभ्र करून आणला.

एवढं सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळे मला बसायला खुर्ची शोधावी लागली.

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती, हात थांबले.

"अहो, ती घूं मी घातलेली! बोट लावून लावून! धड्याला एक, पोटभागाला दोन."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही त्या काळ्या पडद्यापुढं एक-दोन-तीन करत होता." मग एकदम, "मूळ कॅसेटी कुठायत?"

"त्यांच्यावरच परत भरलंय."

"आणि कॉम्प्युटरात?"

"जागा नव्हती..."

ती पुन्हा कणकेला लागली. पोळ्या झाल्या, जेवणं झाली. ताटं उचलताना म्हणाली, "त्या भाईसाहेबांनी एवढ्या वर्षांत कुणापुढं हात पसरले नाहीत. माझ्याकडं आवाज मागितला. रविवारी त्यांना जेवायला बोलवा."

रविवारी ऑपरेटरजी आले. टेपवर आता घूं घालता येत नव्हती, कारण मी मोकळी जागाच ठेवली नव्हती. घूं घातली की तेवढे शब्द पुसले जाणार. जे करायचं ते कॉम्प्युटरातच, वाक्यं बाजूला सारून मधे. बायकोने तारेला बोट लावून एक ताजी घूं भरून दिली. पडद्यासमोर मी, शेजारी ते. धडा कुठे सुरू होतो ते कानाने ओळखून ते "अब" म्हणणार आणि मी माउसने तिथे घूं चिकटवणार.

"अब."

मी पडद्यावर बाण शोधला, पट्टी पकडली, दाबलं. ऐकून पाहिलं. बायको म्हणाली, "राज्य-घूं-पाल."

"ज़रा पहले, साब जी."

पुन्हा. आता घूं मागच्या धड्याच्या पोटात गेली. त्या विमानाला काटे बावीस होते, पण हवं तिथे उतरता येत नव्हतं. तासाभरात अर्धी कॅसेटही झाली नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. ती काही म्हणत नव्हती आणि ते मला ऐकू येत होतं.

ऑपरेटरजींनी टेबलावर हात फिरवून कीबोर्ड शोधला. टाइपरायटर त्यांना येत होता. "साब जी, यह चूहे के बिना नहीं चलता?"

त्या सॉफ्टवेअरात नव्हतं चालत. तेव्हा मला ते दरिद्री आठवलं. ते उघडलं. ऑपरेटरजींनी तीन प्रश्न विचारले: चालवायचं बटण कोणतं, थांबवायचं कोणतं, आणि चिकटवायचं कोणतं. माझ्या तक्त्यात तेवीस रकाने होते. कीबोर्डवरून चालतं का, हा त्यात नव्हता. करड्या खिडकीच्या त्या गरीब सॉफ्टवेअरात तिन्ही कामं कीबोर्डवरून होत होती. शिवाय ते दुप्पट वेगाने वाजवता येत होतं.

"हटिए ज़रा," ते म्हणाले. पहिल्यांदाच असं बोलले. मी खुर्ची दिली.

त्यानंतर जे मी पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. बायकोचा आवाज दुप्पट वेगाने चिमणीसारखा पळत होता. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. स्वतः वाचलेलं तिलाही कळत नव्हतं. ऑपरेटरजी मान किंचित वाकडी करून बसलेले, डावा हात मांडीवर, उजव्याची तीन बोटं तीन बटणांवर. मध्येच बोट पडायचं, चिवचिव थांबायची, दुसरं बोट पडायचं आणि घूं बसायची, ती नेमकी दोन धड्यांच्या फटीत. तपासायला मी नेहमीच्या वेगाने लावून पाही. एक केसही इकडेतिकडे नसे. पंधरा-वीस वेळा तपासल्यावर बायको म्हणाली, "आता पुरे. त्यांची परीक्षा एप्रिलात आहे, आज नाही."

"पण तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं. "मी तर सगळ्या जागा काढल्यात."

"भाभी जी नया पाठ शुरू करने से पहले कंधे सीधे करती हैं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको म्हणाली, "करते खरी. शाळेत धडा वाचायला उभं केलं की बाई पाठीवर चापट मारायच्या, ताठ हो म्हणून." तिचे खांदे ताठ झाल्याचं मला सतरा वर्षांच्या संसारात दिसलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं होतं, तेही मी धुऊन पिळून वाळत घातलेल्या कॅसेटीवर.

मध्येच बायको कॉम्प्युटरचा पडदा बंद करून गेली. कोणी बघत नसताना वीज कशाला, म्हणून. काम चालूच राहिलं. मी त्या काळ्या काचेकडे बघत बसलो. आत माझंच तोंड दिसत होतं, म्हणून मग खिडकीबाहेर बघितलं.

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी मिळून घूंचं काम झालं. भाजीवाला मात्र परत आणता आला नाही. "कोई बात नहीं," ते म्हणाले, "वो मुझे ज़ुबानी याद है." कॅसेटींवर परत भरायचं काम माझ्याकडे आलं. ते घाईने होत नाही. तासाची कॅसेट भरायला तासच लागतो. रोज कार्यालयातून आलो की कॅसेट लावायची, बाजू बदलायची, हाताची घडी घालून ऐकायचं. राज्यपालांचे अधिकार मला आजही कोणी विचारावेत. बायकोचा आवाजही मी तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकला, मधे न बोलता. कंटाळवाण्या उताऱ्यालाही ती घाईने उरकत नव्हती. पलीकडे एक माणूस हे पाठ करणार आहे, हे तिला प्रत्येक वाक्यात आठवत होतं.

एवढं करूनही लोकप्रशासनाच्या शेवटच्या चार कॅसेटी त्यांच्या हाती पडल्या तेव्हा त्या पेपरला दोनच दिवस उरले होते.

निकाल जूनमध्ये लागला. बाहेर लूचे गरम वारे चालले होते. ऑपरेटरजी भर दुपारी, डोक्याला ओला रुमाल बांधून, बसने आमच्याकडे आले. गुणपत्रिका खिशात होती. छापील होती, त्यामुळे काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं, आणि विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनाकडून त्यांनी ती वाचून घेतली नव्हती. पाणी पिऊन त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"पढ़िए."

गेल्या वर्षीची बेरीज धरून यंदा चारशेपैकी दोनशे एकोणीस हवे होते. बायको पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. मी वाचलं. पहिल्यात एकसष्ट. दुसऱ्यात अठ्ठावन्न. तिसऱ्यात सत्तावन्न. चौथा लोकप्रशासनाचा. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "एकोणपन्नास."

"दो सौ पच्चीस," ते ताबडतोब म्हणाले. मी अजून हातचे धरत होतो. "छह ज़्यादा हैं जी."

बायकोने "देवा रे!" म्हटलं आणि साखर आणायला आत पळाली.

"साब जी, चौथा ज़रा धीरे पढ़ा आपने."

"तो पेपर माझ्यामुळे..." मी म्हटलं. "त्या कॅसेटी तुम्हाला..."

"हाँ जी," ते म्हणाले. सांत्वन वगैरे काही केलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. "उनचास में जो कमी है, वो आपकी. बाकी में जो है, वो भाभी जी का."

"आणि तुमचं काय त्यात?" बायकोने आतून विचारलं.

"मैंने तो जी सिर्फ़ सुना है."

नोकरी त्यांना लगेच मिळाली नाही. वयाची अट आड यायच्या जेमतेम आधी, तिसऱ्या अर्जाला मिळाली, शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात. तोपर्यंत आमच्याकडे नवं एक्सचेंज येऊन त्यातली बाई गोड आवाजात बोलायला लागली होती. संचालकांच्या आवाजात मिर्ची आहे का हे ती सांगत नसे. माझ्या दोन रजा नामंजूर झाल्या.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालं नव्हतं. त्या दुपारी साखर खाऊन झाल्यावर ऑपरेटरजींनी दुसऱ्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पहिला अर्ज. शेवटची तारीख सहा दिवसांवर होती, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, खाडाखोड केलेला अर्ज नाकारण्यात येईल.

मी पेनाचं टोपण काढलं. बायकोने ते पेन माझ्या हातातून घेतलं, टेबलाशी बसली, आणि अर्ज माझ्याकडे न देता स्वतःपुढे पसरला.

"तुम्ही प्रश्न वाचा," ती मला म्हणाली. "मोठ्यांदा. जे छापलंय तेवढंच."

ऑपरेटरजी हसले. मग मान थोडी वाकडी करून बसले, आणि मी वाचायला सुरुवात केली.